मोजणीतला पाव्हणा

सरपंच ताई, गावातली वडीलधारी माणसं, मुंबईहून आलेले तात्यांचे सोबती, आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

मी रेणुका. लिंबाजी तात्यांची पुतणी.

तात्यांच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. पालमहून पहिल्या एसटीनं निघालेले पाहुणे आहेत. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आलेले आहेत. तुम्ही उन्हात बसलात ते मला दिसतंय, म्हणून लांबवणार नाही असं म्हणायला हवं. पण थोडं लांबेल. मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात सांगता येत नाही. चार वेळा लिहून बघितलं.

मी कागद हातात धरून बोलते आहे, त्याबद्दल माफ करा. तोंडपाठ बोलले तर एखादं वाक्य सुटेल अशी भीती वाटते. आणि आज एक वाक्य सुटलं तर तात्यांवर अन्याय होईल.

माझ्या मागं फलक आहे. त्यावर लिहिलंय, ‘कस्टम साहेब लिंबाजी तात्या’. सकाळी फलक बांधला तेव्हा मी खुर्चीवर चढून तो जवळून वाचला. तात्या कस्टमचे साहेब नव्हते. कस्टमच्या साहेबांपुढं कागद घेऊन उभे राहणारे क्लिअरिंग एजंट होते. माझ्या पिशवीत पांढरा कागद होता, डिंक होता. ‘साहेब’ या शब्दावर पट्टी लावायला दोन मिनिटं लागली असती. मी पट्टी कापलीसुद्धा. मग खाली उतरले. का उतरले, ते शेवटी सांगते.

आधी तात्यांचं काम सांगते. कारण तीस वर्षं तात्या मुंबईला काय करत होते, हे गावात फार थोड्यांना नीट माहीत आहे.

परदेशातून माल येतो. तो बंदरात उतरतो. त्याचे कागद तयार करायचे, कस्टमला दाखवायचे, माल तपासून घ्यायचा आणि सोडवून मालकाच्या हातात द्यायचा. हे एजंटचं काम. असे एजंट पुष्कळ आहेत. पण तात्यांकडं एक वेगळा माल यायचा. आपल्याकडची काही हौशी माणसं परदेशात जाऊन शिकार करतात. तिकडच्या सरकारच्या परवान्यानं करतात. मग त्या जनावराचं डोकं, शिंगं, कातडं मीठ लावून, वाळवून, लाकडी खोक्यात भरून इकडं पाठवतात. त्याला ट्रॉफी म्हणतात.

माझ्या आजोबांना, आबांना, तात्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आबांनी विचारलं होतं, ‘टराफी? कुस्ती जिकली का काय त्येनं?’

तात्या म्हणाले, ‘न्हाई आबा. हिच्यात हरलेल्याचं डोस्कं घरी आणतेत.’

असा खोका आला की दोन खात्यांची माणसं त्याच्याभोवती उभी राहतात. कस्टमवाले बघतात, कागदावर लिहिलंय तेच आत आहे का. वन्यजीव खात्याचे अधिकारी बघतात, हे जनावर कोणतं, ते मारायची परवानगी होती का, आणि इथं आणायची आहे का. प्रत्येक शिंगाला बिल्ला असतो, बिल्ल्यावर आकडा असतो. तो आकडा कागदाशी जुळायला हवा. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला वेगळा. यातलं एक जरी चुकलं तरी खोका गोदामात पडून राहतो, आणि मालकाचे फोन सुरू होतात.

या कामात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. का? कारण ते आपल्या पिंगळीच्या मेंढपाळाच्या घरात जन्मले होते. मेंढ्याच्या शिंगावरची कडी चाचपून आबा त्याचं वय सांगायचे. तात्यांनी ते लहानपणीच उचललं. पुढं मुंबईच्या गोदामात, शिकलेले अधिकारी पुस्तकातलं चित्र आणि समोरचं शिंग ताडून बघायचे आणि मग हाक मारायचे, ‘लिंबाजी, जरा बघ.’ तात्या अंगठा शिंगावरून खालून वर न्यायचे. डोळे मिटून न्यायचे. मग नाव सांगायचे. मी त्यांच्यासोबत काम केलं तेवढ्या काळात ते नाव कधी चुकलेलं मला आठवत नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, तात्या, ही मारलेली जनावरं रोज हाताळून तुम्हाला वाईट नाही वाटत? शिकार केलेल्यांचंच काम करतो आपण.

ते म्हणाले, ‘मेलेलं जनावर मला उठवता येत न्हाई. त्याचं नाव तरी खरं लिवलं जावं.’

त्यांच्या मनात एक जनावर नेहमी असायचं. तुम्हाला ठाऊक आहे, आबा संध्याकाळी मेंढरं मोजायचे. वाड्याच्या तोंडाशी उभे राहून, एकेक आत सोडत. मेंढरांचा वाडा हो, काट्यांचा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. मोजणी चुकू नये म्हणून लहान पोरंसुद्धा गप्प. तात्या पोरवयात होते तेव्हा माळावर एक काळवीट आपल्या मेंढरांच्या कडेनं चरायचा. एकटाच नर. रंगानं काळाभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ. त्याला कळपानं हाकललं असेल, किंवा त्याला मेंढरांची सवय झाली असेल. संध्याकाळी कळप निघाला की थोडं अंतर मागं चालत यायचा, वाड्यापासून लांब थांबायचा. आणि आबा मोजणी संपवताना म्हणायचे, ‘एकशे वीस, आन् एक पाव्हणा.’ तो दिसला नाही त्या दिवशी आबा मान वळवून माळाकडं बघत उभे राहायचे.

ही गोष्ट तात्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. लक्षात ठेवा तुम्हीही. पुढं लागणार आहे.

आता माझं सांगते. माझं सांगितल्याशिवाय तात्यांचं पुरं होत नाही.

पावसाळा संपला की आमचं घर मेंढरांमागं निघायचं. शाळेच्या हजेरीत माझं नाव होतं, मी नव्हते. मी सात वर्षांची असताना दादांनी, माझ्या वडिलांनी, मला मुंबईला तात्या आणि काकूंकडं धाडलं. तिथल्या शाळेत माझ्या वयाच्या मुलांत बसण्याइतकंही मला येत नव्हतं. म्हणून पहिली दोन वर्षं तात्या हीच माझी शाळा. काकू भाकरी थापायच्या आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून आमचा अभ्यास चालायचा. खोक्यांसोबत आलेल्या जुन्या याद्या तात्या घरी आणायचे. त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचे. छापील बाजूला जनावरांची इंग्रजी नावं. झबल्यातला ‘झ’ शिकायच्या आधी मी इंग्रजीत झिब्रा वाचला.

तात्यांच्या शाळेत एकच नियम होता. ‘आधी जसं हाय तसं उतरव. मग इचार.’

हा नियम मला का लावावा लागला, तेही सांगते. मला दुरुस्त करायची खोड आहे. लहानपणापासून आहे. आबा एकदा महिनाभर मुंबईला राहायला आले होते. दादांना पत्र लिहायचं होतं. आबा सांगत होते, मी लिहीत होते. आबा म्हणाले, ‘लिव. मला हितं गमंना.’

मी लिहिलं, ‘मला येथे करमत नाही.’

आठ वर्षांची होते मी. मला वाटलं, मी आबांवर उपकारच केला. तात्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि विचारलं, ‘आबा काय म्हणले?’

‘गमंना.’

‘आन् तू काय लिवलंस?’

मी म्हणाले, ‘शुद्ध लिहिलं.’

तात्या रागावले नाहीत. त्यांनी दुसरा कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, ‘तुझ्या बापाला आबाचा आवाज ऐकू आला पायजे. तुझा न्हाई.’

मी पुन्हा लिहिलं. पत्र इथं पिंगळीत आलं. दादांना वाचता येत नाही, दुकानदारानं त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दादा मुंबईच्या स्टेशनवर होते. आबांना घेऊनच परत आले. दादा समोर बसलेत. परवा मी त्यांना विचारलं, इतक्या घाईनं का आला होतात? दादा म्हणाले, ‘करमत न्हाई असं लिवलेलं आसतं, तर सुगी उरकून गेलो असतो. गमंना म्हणल्यावर बाप डोळ्यापुढं उभा राह्यला.’

एवढं शिकूनही, मंडळी, मी चुकले. आज मी तेच सांगायला उभी आहे.

माझं कॉलेज झालं आणि मी तात्यांच्या कचेरीत बसू लागले. कचेरी म्हणजे एक खोली, दोन टेबलं. तात्यांचं लायसन त्यांच्या स्वतःच्या नावाचं होतं. हमाल म्हणून गेलेल्या माणसानं परीक्षा देऊन मिळवलेलं. मीही त्याच परीक्षेचा अर्ज भरला होता; पास झालं की एजंटचं कार्ड मिळतं. आणि त्याच महिन्यात एक खोका आला.

मालक आपल्याच जिल्ह्यातले होते. नाव घेणार नाही, कारण त्यांचा दोष नव्हता. नवा बंगला बांधला होता, वास्तुशांती जवळ आली होती, आणि पाहुणे येण्याआधी भिंतीवर ट्रॉफी लागायला हव्या होत्या. रोज फोन. ‘तात्या, आपल्या गावाकडचा माणूस हाय म्हणून तुमाला काम दिलं. कवा सुटायलाय माल?’

खोक्यासोबतच्या यादीत सहा नग होते. पाच नावं मला पाठ होती. सहावं नाव मला चुकलेलं वाटलं. आपण नाही का, माळावरच्या कुठल्याही शिंगवाल्याला सरसकट हरण म्हणतो? तसा इंग्रजीतही ‘अँटेलोप’ हा एक सरसकट शब्द आहे. यादीत तोच शब्द होता, फक्त मधलं एक अक्षर वेगळं होतं. ‘ई’ हवा तिथं ‘आय’ होता. मला वाटलं, तिकडच्या कारकुनाचं स्पेलिंग चुकलं. त्या यादीवरून कस्टमला द्यायचा आमचा फॉर्म भरताना मी ‘आय’चा ‘ई’ केला. दुरुस्ती करताना मला बरं वाटलं होतं, हेही मला आठवतं. विचारलं नाही. तात्या समोरच्या टेबलावर होते. पाच पावलांवर.

तात्यांनी सही केली. माझा कागद ते पुन्हा तपासत नसत. इतका विश्वास होता.

ते स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. ‘आय’ असलेला तो शब्द म्हणजे शास्त्रीय नाव होतं. काळविटाचं. आपल्या माळावरच्या काळविटाचं. कधीकाळी आपल्या देशातून नेलेली काळविटं परदेशातल्या मोठ्या कुरणांवर वाढवलेली आहेत आणि तिथं त्यांची शिकार करू देतात. तिथल्या कारकुनानं खरं तेच लिहिलं होतं. तो खरा शब्द मी खोडला आणि तिथं कुठलंही हरण चालेल असा शब्द ठेवला.

काळविटाला आपल्या कायद्यात सगळ्यात वरचं संरक्षण आहे. त्याचं शिंग देशात आणायचं तर वेगळी परवानगी लागते, आणि ती सहसा मिळत नाही. आमच्या फॉर्मवर खरं नाव असतं तर पहिल्याच टेबलावर कुणीतरी थांबवलं असतं. माझ्या एका अक्षरानं ते शिंग शेवटच्या टेबलापर्यंत गेलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही गोदामात होतो. वन्यजीव खात्याच्या मॅडम नव्यानंच त्या जागी आल्या होत्या, समुद्राकाठच्या गावच्या. पाच नग जुळले. सहाव्याला तोंड नव्हतं, कातडं नव्हतं. कवटीचा तुकडा आणि दोन शिंगं, मिठाचा थर बसलेली. मॅडमनी वाकून बघितलं, म्हणाल्या, ‘पीळ आहे. लहान कुडू असेल, नाही का?’ आणि पेन कागदावर टेकवलं. कुडू म्हणजे आफ्रिकेतलं पिळाच्या शिंगांचं मोठं हरण.

तात्यांनी सवयीनं अंगठा शिंगावरून वर नेला. अर्ध्यात थांबवला. मीठ पुसलं. परत खालून वर नेला.

मग त्यांनी यादीकडं बघितलं, मग आमच्या फॉर्मकडं. मग माझ्याकडं बघितलं. आणि मला कळलं की त्यांना कळलं.

मंडळी, त्या क्षणी गप्प राहणं किती सोपं होतं, याचा विचार करा. पेन कागदावर होतं. मालक खूश झाले असते. त्या मिठाच्या थराखाली काय आहे, हे त्या गोदामात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि बोललं तर काय जाणार होतं? चुकीची माहिती दिली म्हणून लायसन जाणार होतं. इतक्या वर्षांच्या कष्टाचं.

तात्या म्हणाले, ‘थांबा मॅडम. कुडूचं शिंग गुळगुळीत ऱ्हातं. ह्येला कडी हायेत. ह्यो पाव्हणा आमच्या गावचा हाय.’

मॅडमना अर्थ लागला नाही. तात्यांनी नीट सांगितलं, हे काळवीट आहे. मॅडमनी आमचा फॉर्म उचलला. ‘मग यात असं का लिहिलंय? हा फॉर्म कुणी भरला?’

मी पुढं झाले. तोंड उघडलं. तेवढ्यात तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘रेणे, जा, गाडीतून मोजायची टेप घेऊन ये.’

टेप त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. मला दिसत होती. पिवळी.

मी गेले. गाडीजवळ नुसतीच उभी राहिले. परत आले तेव्हा तात्यांनी जबाब देऊन टाकला होता. ‘सही माझी हाय. चूक माझी हाय.’

खोका अडकला. मालकांचा फोन आला. ते चिडले, आणि त्यांच्या बाजूनं बरोबरच होतं. तिकडं सगळं कायदेशीर झालं होतं, एका शिंगाच्या जोडीसाठी एवढा तमाशा कशाला? तात्यांनी त्यांना जे उत्तर दिलं ते मी शब्दाला शब्द सांगते. ‘साहेब, तुमी काई खोटं केलं न्हाई. पर हे शिंग ह्या कागदावर तुमच्या भिंतीला लागलं, की उद्या कुणीबी माळावरचं एक मारंल आन् म्हणंल, हे त्येच. कागद एक, शिंगं कितीबी.’

तात्यांचं लायसन आठ महिने थांबवलं. चौकशी लागली. कचेरीला कुलूप. तात्या काकूंना आणि मला घेऊन गावी आले आणि दादांबरोबर मेंढरांमागं जाऊ लागले.

त्या आठ महिन्यांत गावात काय बोललं गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. ‘कस्टमवाल्याच्या खोक्यात शिंगं घावली.’ ‘मोठा इमानदार म्हणत होता.’ मी कुणाला दोष देत नाही. बातमी अर्धीच आली होती, अर्ध्या बातमीवरून तुम्ही दुसरं काय समजणार? हॉटेलात एक जण तात्यांना रोज विचारायचा, ‘तात्या, पिशवीत काय हाय? शिंगं तर न्हाईत?’ तात्या पिशवी उघडून त्याच्यापुढं धरायचे. ‘बघ की. वांगी हायेत.’ सगळे हसायचे. तेही हसायचे. मीही तिथं होते एकदा. मी खाली बघत होते.

आणि त्याच महिन्यांत, त्याच हॉटेलात, हेच तात्या काय करत होते? हरणांनी ज्यांचा हरभरा खाल्ला त्यांचे वनखात्याकडं भरपाईचे अर्ज लिहून देत होते. काळवीट म्हटलं की तुमच्यातल्या पुष्कळांना आधी खाल्लेलं पीक आठवतं. तात्यांनाही ते दिसत होतं. ते म्हणायचे, ‘अर्ज कर, मी लिवून देतो. पर चोरून मारू नको.’ अर्जात तुम्ही जे बोललात तेच शब्द लिहायचे. ‘हरणांनी समदं लुटून खाल्लं’ म्हणलात तर तसंच. त्यांनी लिहिलेल्या अर्जांवर अंगठा उठवलेले किती जण आज इथं बसलेत? हात वर करू नका. तात्यांना ते आवडलं नसतं.

मी त्यांना सांगितलं होतं, तात्या, मला खरं सांगू द्या. मी खात्याला पत्र लिहिते. ते म्हणाले, ‘तुझ्या परीक्षेचा अर्ज गेलाय. आत्ता तुझं नाव कागदावर आलं तर तुला कवाच कार्ड मिळायचं न्हाई. आधी परीक्षा दे. मग तुला वाटंल तवा सांग. पर सांगशील तवा जसं झालं तसं सांग. माझ्या बाजूनं नीट करून सांगू नको.’

मी परीक्षा दिली. पास झाले. कार्ड मिळालं. आणि तरीही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तात्या होते तोवर सांगितलं नाही, ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

म्हणून आज, त्यांच्या गावात, त्यांच्या माणसांपुढं सांगते. तात्यांच्या खोक्यात शिंगं सापडली नाहीत. शिंग तात्यांनी स्वतः दाखवलं. दुसऱ्या कुणालाही ते दिसलेलं नव्हतं. आणि ज्या चुकीसाठी त्यांचं लायसन थांबलं, ती चूक माझ्या हातानं झाली होती. माझ्या. रेणुकाच्या.

चौकशीचा शेवटचा आदेश माझ्याकडं आहे. तात्यांनी तो ट्रंकेत काकूंच्या लग्नाच्या शालूखाली ठेवला होता, कधी कुणाला दाखवला नाही. त्यात लिहिलंय की एजंटनं चूक स्वतःहून उघड केली, त्यामागं वाईट हेतू नव्हता, लायसन परत द्यावं. सभेनंतर मी तो त्या टेबलावर ठेवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावा, ज्यांना येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन. मधलं काही गाळणार नाही.

हे बोलायच्या आधी मला एका माणसाची परवानगी घ्यायची होती. सकाळी मी काकूंजवळ जाऊन बसले. म्हणाले, काकू, तुम्हाला एक सांगायचंय. त्या वेळचा तो फॉर्म...

काकू म्हणाल्या, ‘मला ठावं हाय.’

मी विचारलं, तात्यांनी सांगितलं?

‘त्ये कशाला सांगतील? तू आठ महिने जेवताना मान वर केली न्हाईस.’ मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘सांग समद्यांला. त्येंच्यासाठी न्हाई. त्येंला काय फरक पडायलाय आता. तुझ्यासाठी सांग.’

लायसन परत मिळाल्यावर आमच्याकडं जो पहिला ट्रॉफीचा खोका आला, त्याची यादी आणि कोरा फॉर्म तात्यांनी माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, ‘भर.’ मी म्हणाले, मला भीती वाटते. ते म्हणाले, ‘वाटू दे. अक्षर अक्षर मोठ्यानं वाच, मी ऐकायलोय.’ मी वाचत गेले, ते डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी सही केली. पुन्हा न तपासता. मला अजून कळत नाही, इतका विश्वास माणूस दुसऱ्यांदा कुठून आणतो?

लोक मला विचारतात, तुझं शिक्षण कुठं झालं? मी कॉलेजचं नाव सांगते. पण माझी पहिली शाळा म्हणजे पिंगळीच्या एका मेंढपाळाचा मुलगा, जुन्या यादीचा पाठकोरा कागद आणि काकूंच्या तव्यावरच्या भाकरीचा वास. त्या शाळेचा मला अभिमान आहे. आज रडू येतंय, पण अभिमान जास्त आहे.

आता फलकाचं. गावातल्या पोरांनी आपल्या मनानं तो लिहून आणलाय. ज्या गावानं एकदा तात्यांना पिशवी उघडायला लावली, त्याच गावानं त्यांना ‘साहेब’ म्हटलंय. तो गावाचा आवाज आहे, माझा नाही. म्हणून मी पट्टी चिकटवली नाही. जसं आहे तसं राहू दे.

माझं बोलणं संपलं. एक विनंती आहे. आपण उभं राहून दोन मिनिटं गप्प राहणार आहोत. ती दोन मिनिटं घड्याळावर मोजायला नकोत. आबा वाड्याच्या तोंडाशी मोजायचे तेव्हा सगळे गप्प व्हायचे, तसं गप्प होऊ. आबांनंतर ती मोजणी दादा करतात. दादा, तुम्ही इथं पुढं या. आम्हा सगळ्यांना मोजा. किती वेळ लागायचा तो लागू दे.

आणि मोजून झालं की, दादा, शेवटी एक जास्त धरा.

उठा मंडळी. आता कुणी बोलू नका.